तीन जीबी बिघाड

लॉरेन्स हॅमंडला ऑर्गन वाजवता येत नव्हता. ज्याच्या नावाचा विजेवरचा ऑर्गन चर्चपासून जॅझच्या अड्ड्यांपर्यंत सगळीकडे पोचला, त्या माणसाला त्यावर एक सरळ चाल काढता येत नसे, ही माहिती मला फार धीर देते. वाजवता मलाही येत नाही. तेव्हा आम्हा दोघांत फरक उरतो तो फक्त इंजिनिअरिंगचा.

हॅमंडची शिकागोत घड्याळांची कंपनी होती. महामंदीत घड्याळं पडून राहायला लागली, तेव्हा त्याने पत्ते आपोआप पिसून चौघांना वाटून देणारं ब्रिजचं टेबल काढलं. देशाला भाकरीची भ्रांत असताना पत्ते कोणी वाटायचे याची काळजी वाहणारा हा माणूस मला आमच्या सोसायटीच्या कमिटीत सहज खपला असता असं वाटतं. टेबलाची हौस लवकर फिटली, पण घड्याळाची ती मागेपुढे न होणारी मोटर शिल्लक होतीच. त्याने तिच्या जोरावर पोलादी दातेरी चकत्या फिरवल्या आणि प्रत्येक चकतीसमोर एक लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं ठेवलं. दाता समोरून गेला की वेटोळ्यात वीज हलते. सोळा दात्यांची चकती सेकंदाला साडेसत्तावीस वेळा फिरली की 440 हर्ट्झ, म्हणजे आपली पांढरी सहा. अशा 91 चकत्या. संगीताचं ज्ञान हवं तिथे कंपनीतच एक चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा सहायक खजिनदार होता, त्याला विचारायचं. 1934मध्ये पेटंट आणि 1935मध्ये ऑर्गन बाजारात.

यातला सगळ्यात नावाजलेला बी-थ्री 1954 ते 1974 या काळात बनत होता. बाक आणि पायपट्ट्या धरून त्याचं वजन जवळजवळ 193 किलो. आमच्या लिफ्टमध्ये 'चार व्यक्ती, 272 किलो' अशी पाटी आहे. म्हणजे ऑर्गन आणि एक माणूस. तो माणूस मी नसावा, एवढंच बायकोचं म्हणणं होतं. त्यामुळे तो ऑर्गन घरात आला तो तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रित होऊन, झिप फाइलमधून. अशा गठ्ठ्याला पॅक म्हणतात.

हे सुचवणारा बायकोचा भाचा. तो घरात बसून गाणी बनवतो. गाणारं त्यात कोणी नसतं. त्याने मला सोळा रबरी चौकटींचं एक यंत्र घ्यायला लावलं. असं यंत्र प्रथम लोकप्रिय केलं ते रॉजर लिन या अमेरिकन माणसाने आकाई कंपनीसाठी 1988मध्ये. त्याचं नाव एमपीसी-सिक्स्टी. चार आडव्या, चार उभ्या ओळी, आणि कुठल्याही चौकटीवर जगातला कुठलाही आवाज चढवायचा. माझं यंत्र त्याच पंथातलं, पण दुसऱ्या घरचं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे तिच्याविषयी फारसं बरं बोलणार नाही.

झिप उघडली, तर आत फोल्डर. फोल्डरात त्याच नावाचा दुसरा फोल्डर. यंत्राला हवा होता आतला, पण तो बाहेर काढला की त्याला बाहेरच्याची आठवण यायची. मेमरी कार्ड सोवळ्यात हवं, म्हणजे यंत्राच्या मर्जीप्रमाणे फॉरमॅट केलेलं. ते तसं केलं की त्यावरचे गणपतीचे फोटो जाणार. फोटो उतरवून घेतले. कार्ड शुद्ध झालं. लॅपटॉपमधून आवाज चढवले, तर प्रत्येक फाइलच्या शेजारी टिंब आणि रेघ लावून त्याच नावाची एक भुताटकी फाइल उभी. ती वाजवायला गेलं की काहीच वाजत नाही, आणि यंत्र मात्र 'लोडेड' म्हणून समाधानाने थांबतं. मग परवान्याचा कोड. त्यात शून्य आणि इंग्रजी ओ शेजारी शेजारी बसलेले. ज्याने तो कोड बनवला त्याला कधीतरी हातात कागद घेऊन फोनवरून पासपोर्ट नंबर सांगायला लावलं पाहिजे.

"काका, मॅन्युअल वाचलं का?" भाच्याने विचारलं.

"वाचलं. त्यात पहिल्याच पानावर लिहिलंय, 'इट्स ईझी'."

"मग?"

"पुढचं पान तेवढ्यासाठीच आहे, की का नाही."

शेवटी तो आला आणि त्याने काय केलं ते मला न सांगता ते चालू केलं. पडद्यावर ऑर्गनचं चित्र उमटलं. नऊ दांड्या: तपकिरी, पांढऱ्या, काळ्या. यांना ड्रॉबार म्हणतात. प्रत्येक दांडी शून्यापासून आठपर्यंत ओढायची. एकेक दांडी म्हणजे मूळ सुराबरोबर मिसळायचा एकेक वरचा किंवा खालचा सूर. हॅमंड कंपनी सुरुवातीला जाहिरातीत म्हणायची की या ऑर्गनमधून अनंत स्वररंग निघतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हा दावा मनावर घेतला आणि 1930च्या दशकात चौकशी लावून कंपनीला 'अनंत' शब्द सोडायला लावला. सरकारी खात्याने अनंताचा हिशोब मागितल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. खरा आकडा कोणीही काढू शकतो: नऊ दांड्या, प्रत्येकीच्या नऊ जागा, म्हणजे 38,74,20,489. त्यातला एक सगळ्या दांड्या आत ढकललेला, पूर्ण शांत. आमच्या खालच्या मजल्यावरच्यांची पसंती त्याला आहे.

पण माझं लक्ष दांड्यांकडे नव्हतं. त्यांच्याखाली चार गोल बटणं होती. की क्लिक. लीकेज. मोटर नॉइज. एज.

ही चार बटणं म्हणजे पॅकचा आत्मा, असं भाचा म्हणाला. मी त्यांची कुंडली काढली. हॅमंडच्या प्रत्येक पट्टीखाली नऊ धातूचे स्पर्श असतात. पट्टी दाबली की ते नऊही एकाच क्षणी टेकत नाहीत, जरा थरथरतात, आणि प्रत्येक सुराच्या आधी 'टक्' असा चिमुकला आवाज होतो. हॅमंड आणि त्याचे इंजिनिअर याला दोष मानायचे आणि तो घालवायला त्यांनी बराच जीव टाकला. जिमी स्मिथसारख्या जॅझच्या वादकांनी मात्र त्या टक्‌टकीलाच ताल मानून वाजवलं. आता पॅकमध्ये ती टक्‌टक वेगळी मुद्रित केलेली आहे आणि मला ती शंभर टक्क्यांपर्यंत वाढवता येते.

लीकेज म्हणजे गळती. 91 चकत्या दाटीवाटीने फिरतात, तेव्हा शेजारच्या चकतीचा सूर थोडा आपल्या वेटोळ्यात शिरतो. चाळीत राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हीही इंजिनिअरांची डोकेदुखी. आता बटण आहे. मोटर नॉइज म्हणजे मोटर सुरू होतानाचा घरघराट. खऱ्या ऑर्गनला दोन खटके असतात. पहिला 'स्टार्ट', तो चकत्या वेग घेईपर्यंत धरून ठेवायचा, मग 'रन'. पॅकवाल्यांनी तेवढ्या सेकंदांची वाटही ध्वनिमुद्रित करून विकली आहे. एज म्हणजे वय. ते कमीजास्त करायला बटण दिलंय हे माझ्या वयाच्या माणसाला दाखवणं बरोबर नाही.

गंमत अशी की या पॅकमधली सगळ्यात मोठी चीज हॅमंडच्या डोळ्यांत सर्वांत जास्त खुपायची. डॉन लेस्ली नावाच्या माणसाला दुकानातल्या मोठ्या दालनात गोड वाटलेला हॅमंड घरी आणल्यावर कोरडा वाटला. त्याने लाकडी कपाटात फिरणारा भोंगा बसवला. भोंगा फिरतो, आवाज जवळ येतो, लांब जातो, सूर किंचित चढतो, उतरतो, आणि तो कोरडा ऑर्गन एकदम श्वास घ्यायला लागतो. लेस्ली हे घेऊन हॅमंड कंपनीकडे गेला, कंपनीने नको म्हटलं. 1941पासून तो स्वतःच विकायला लागला, आणि वादकांनी ऑर्गन हॅमंडचा घ्यायचा आणि स्पीकर लेस्लीचा, असा संसार थाटला. हॅमंड कंपनीला हे सगळं पटायला 1980 उजाडलं. तेव्हा तिने लेस्लीचा धंदाच विकत घेतला. हॅमंड तोवर गेला होता. बाकी त्या कपाटात वर दोन भोंगे दिसतात, त्यांतला एकच बोलतो. दुसरा बुजवलेला, फक्त तोल सांभाळायला. घरातल्या कुठल्या माणसाची आठवण झाली ते मी लिहीत नाही.

या भोंग्यावरूनच मला माझ्या यंत्राचं अंतरंग कळलं. पॅकवाल्यांनी प्रत्येक सूर मुद्रित केलेला नाही. काही सूर घेतलेत आणि मधले ताणून किंवा आवळून भरलेत. आता भोंगा फिरत असताना मुद्रित केलेला सूर वर ताणला की त्याचा भोंगाही जास्त वेगाने फिरतो. पांढरी एकचा सूर पांढरी चारपर्यंत ताणला तर सव्वा पटीहून जास्त. त्यामुळे मी तीन चौकटी एकदम दाबल्या की एक भोंगा रमतगमत, दुसरा घाईत आणि तिसरा पिसाळलेला, अशी तीन कपाटं एका खोलीत भांडतात. खऱ्या लेस्लीत हे कधी होत नाही. म्हणजे जुने दोष पैसे देऊन घेतले, आणि त्यावर एक नवा फुकट मिळाला.

या टप्प्यावर नाना आले. नाना म्हणजे माझे सासरे. तरुणपणी हौशी नाट्यमंडळात ऑर्गन वाजवायचे. विजेवरचा नव्हे, पायाने भाता मारायचा, संगीत नाटकांत असतो तो. हरिभाऊ देशपांडे बालगंधर्वांची साथ करायचे त्या जातीचा. दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे, पाय भात्यावर, आणि आवाज मोठा करायचा तर गुडघ्याने बाजूची फळी ढकलायची. नाना खुर्चीत बसले, चौकटींवर बोटं ठेवली आणि सवयीने दोन्ही पाय हलायला लागले. नाट्यपदाची एक चढण आली तशी उजवा गुडघा उजवीकडे गेला. आवाज मोठा झाला नाही. टेबल सरकलं.

"मला जोर कळतच नाही," ते म्हणाले.

भाच्याने समजावलं की चौकट जोरात दाबली तर आवाज मोठा होतो, पण हॅमंडमध्ये तसं होत नाही, म्हणून काकांनी ते मुद्दाम बंद केलंय. हळू दाबा नाहीतर बुक्की मारा, आवाज तेवढाच. कमीजास्त करायला तिथे पायाखाली वेगळी पट्टी असते.

"आणि तो एमर्सन," भाचा रंगात आला, "कीथ एमर्सन, स्टेजवर हॅमंडच्या पट्ट्यांमध्ये चाकू खुपसायचा, आजोबा! सूर अडकून राहावा म्हणून."

"कट्यार पेटीत घुसली," नाना शांतपणे म्हणाले.

नंतर मी त्यांना एक गोष्ट सांगितली जी त्यांना खरोखर आवडली. हॅमंडची मोटर विजेच्या लहरींच्या तालावर फिरते. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, आपल्याकडे 50ची. तिथला ऑर्गन तसाच इथे आणून लावला तर चकत्या हळू फिरतात आणि सगळा ऑर्गन कोमल गंधाराएवढा, किंबहुना किंचित जास्तच खाली बसतो. पांढरी एक दाबली की खालची पांढरी सहा वाजणार.

"म्हणजे आवाज बसलेल्या गायकाला आयती सोय," नाना म्हणाले. "आमच्या मंडळाने असा एक घ्यायला हवा होता."

मग त्यांची नजर त्या चार बटणांकडे गेली. मी एकेकाचा अर्थ सांगितला. त्यांच्या चेहऱ्यावर विस्मय होता, कौतुक नव्हतं.

"जावईबापू, आमच्या ऑर्गनचा पायटा कुरकुरायचा. प्रयोगाच्या आधी मेण लावून गप्प करायचो. तुम्ही कुरकुर विकत आणली?"

"आजोबा, तीच तर मजा आहे," भाचा म्हणाला. "त्याशिवाय ते खोटं वाटतं."

"'नागिन'मधली बीन कोणी वाजवली?" नानांनी विचारलं. भाच्याला माहीत नव्हतं. "1954 साल. कल्याणजींनी क्लॅव्हायोलिनवर वाजवली, विजेच्या छोट्या वाद्यावर, जोडीला रवी पेटीवर. गारुड्याचा दम त्यात कोणी घातला नव्हता. तरी अख्खा देश फणा काढून बसला. खोटं खोटं म्हणून चांगलं वाजवावं. खोट्याला खोकला कशाला?"

आणि त्यांनी बटणं फिरवली. क्लिक शून्य. लीकेज शून्य. मोटर शून्य. वयाचं बटण शून्यावर नेताना ते जरा रेंगाळले, पण तेही नेलं. भोंगा बंद केला, त्यामुळे तिन्ही कपाटांचं भांडण मिटलं. मग एक सूर दाबून धरला. स्वच्छ, सरळ, डाग नसलेला. लॉरेन्स हॅमंडला आयुष्यभर हवा होता, बहुधा तसाच.

"डोअरबेल," भाचा म्हणाला.

"शुद्ध," नाना म्हणाले.

दोघांनीही आपापलं सेटिंग यंत्रात ठेवून दिलं. एकाचं नाव 'नाना शुद्ध', दुसऱ्याचं 'बिघडलेला'. माझं त्यात काही नाही. मी यंत्राचा मालक आहे.

भाचा गेल्यावर नानांनी मला पॅकची किंमत विचारली. मी सांगितली. त्यांनी डोळे मिटून हिशोब केला. चारपैकी चार बटणं आपण वापरत नाही, भोंगा वापरत नाही, तेव्हा तेवढ्या मालाचे पैसे परत मागता येतील का? मी म्हटलं, नाना, हे लोक परदेशात बसलेत. ते म्हणाले, मग इंग्रजीत लिहू. सध्या ते मजकूर सांगतायत आणि मी टाइप करतोय. 'महोदय'च्या जागी 'रिस्पेक्टेड सर' घेतलंय. विषय: विकत घेतलेले दोष परत करण्याबाबत.