वरिजनल आबा

आमच्या कळंबच्या आबांच्या स्वतःच्या देहात ओरिजनल पार्ट आता फारसे उरलेले नाहीत. दात बारामतीचे, दोन्ही गुडघे पुण्याचे, उजव्या डोळ्यातलं भिंग अकलूजच्या शिबिरातलं, आणि केसांचा रंग दर पंधरा दिवसांनी वालचंदनगरच्या बाजारातून येतो. त्यांच्या ट्रॅक्टरला तीन कंपन्यांचे अवयव आहेत. विहिरीवरची मोटर इतक्यांदा भरून घेतली आहे की मूळची म्हणावी अशी फक्त तिच्यावरची पाटी. घरातल्या माणसांनाही आबा दुरुस्त करतच आले. एकाचं बोबडं बोलणं, एकाची चित्रकला, लेकीचा डावा हात, काकूंचा आवाज. (या शेवटच्या कामात यश आलेलं नाही.)

पण लोखंडी कपाटातल्या दुनळी बंदुकीबद्दल कुणी नुसतं म्हणावं, "आबा, हा एक स्क्रू बदलायला झालाय," की आबांचे बारामतीचे दात वाजायला लागतात.

"वरिजनल हाय त्यो!"

बंदूक वेब्ली अँड स्कॉटची, बारा बोअरची. बर्मिंगहॅमची ही कंपनी 1897 साली तीन जुन्या बंदूकवाल्यांच्या एकत्र येण्यातून झाली. आपल्याकडे वालचंदनगरच्या कारखान्याची चिमणी उभी राहत होती त्या काळात इथे आलेल्या एका गोऱ्या इंजिनिअरनं ती आबांच्या आजोबांना दिली, अशी घरची कथा आहे. ती विकली, की बक्षीस दिली, की पत्त्यांत हरला, हे समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. पाहुणे सोयरीक घेऊन आलेले असले तर बक्षीस.

आलेल्या प्रत्येकाची आबा आधी परीक्षा घेतात. "बारा बोर म्हंजे काय?" पाहुणा म्हणतो, बारा गोळ्या बसतात. आबांना हेच हवं असतं. मग ते समजावतात, की एक पौंड शिशाच्या एकसारख्या बारा गोळ्या ओतल्या तर त्यातल्या एका गोळीची जी जाडी, ती नळीची आतली रुंदी. म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा बारीक. पाहुण्याची मान खाली गेली की चहा येतो.

चहानंतर कुंडली. आबा भिंग घेऊन आधी नळीखालचा नंबर दाखवतात, मग खटक्याच्या पोलादी पेटीवरचा, मग नळीखालच्या लाकडाच्या लोखंडावरचा. तिन्ही एकच. "छत्तीस गुण!" त्यानंतर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे शिक्के. 1813 पासून तिथे हा रिवाज आहे, नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी उडवून बघायची, टिकली तर शिक्का. आबांचं मत असं, की जावयांनाही हीच पद्धत लावायला हवी होती. शेवटी स्क्रूंच्या खाचा. चांगल्या इंग्रजी बंदुकीत बंद केलेल्या स्क्रूंच्या खाचा नळीला समांतर, एका रेषेत असतात. एक सोडून सगळ्या तशा आहेत. त्या एकीवर 1980 च्या सुमाराला गावातल्या एका मोटार मिस्त्रीनं साधा पेचकस चालवला होता. मिस्त्री कधीचे वारले, आबा त्यांच्या तेराव्यालाही गेले, पण जेवले नाहीत.

उडालेलं काडतूस बाहेर फेकणारी डाव्या नळीची कमान मोडली आहे. नवी बसवता येईल, पुण्यात कारागीर आहेत. आबांनी मोडका तुकडा पानाच्या डबीत कापसावर ठेवला आहे. "डुप्लिकेट चालू असण्यापरास वरिजनल मोडकं बरं," हे त्यांचं धोरण. तसंही काडतूस बाहेर काढायची वेळ येत नाही. कंपनीनं नळ्या अडीच इंची काडतुसासाठी घडवल्या, बाजारात पावणेतीन इंची सरसकट मिळतात. ती आत जातात सुखानं, पण उडताना तोंड उलगडतं त्याला पुढे जागा उरत नाही आणि दाब वाढतो. काडतुसाच्या खोलीचा तो पाव इंच वाढवून घेणं म्हणजे नळी आतून खरवडणं. हा शब्द आबांसमोर उच्चारू नये.

बरं, उडवायची तरी कशावर? कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आहे, लांडगा आहे, आणि 1972 च्या कायद्यानंतर त्यांच्याकडे नळी वळवणाऱ्याची वाट थेट कोर्टाकडे वळते. पूर्वी दसऱ्याला पूजा झाली की आबा आभाळात एक बार काढत. 2019 च्या दुरुस्तीनं असा हौसेचा बार गुन्हा ठरला. आता हळदीकुंकू लावून बंदूक परत कपाटात जाते. अधूनमधून मात्र तिला प्रवास घडतो. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. आबा ती काकूंच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीत गुंडाळून नेतात आणि हवालदारांना पावतीवर "सर्व स्क्रू ओरिजनल" असं लिहायला सांगतात. हवालदार "एक नग" लिहितात. दरवेळी.

इथवर आबा म्हणजे फार तर एक हौशी म्हातारा. खरी गोम दस्त्यात आहे.

बंदुकीचा लाकडी दस्ता हा सदऱ्यासारखा असतो, ज्याच्या मापाचा त्यालाच बसतो. लंडनचे बंदूकवाले त्यासाठी बिजागऱ्यांची, सांधे हलणारी एक माप घ्यायची बंदूकच ठेवत. गिऱ्हाइकाच्या खांद्याला ती लावायची, स्क्रू फिरवत तिला लांब-आखूड, वर-खाली करायचं, मग त्या मापानं अक्रोड कापायचा. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर साधारण सव्वाचौदा-साडेचौदा इंच. गाल टेकतो तिथे नळीच्या रेषेपासून दीड इंच उतार. शिवाय उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्यासाठी दस्ता दोनेक सूत उजवीकडे झुकवतात, म्हणजे उजवा डोळा आपोआप नळीच्या रेषेवर येतो.

आपल्या गोऱ्या साहेबाचे हात ताडासारखे असणार, कारण या दस्त्याची लांबी पंधरा इंच आहे. आबांची उंची पाच फूट दोन. त्यांना साडेतेरा पुरे झाले असते.

त्यामुळे आबांनी बंदूक खांद्याला लावली की ते दृश्य बघण्यासारखं असतं. दस्ता काखेत, मान पाण्यातल्या बगळ्यासारखी पुढे ताणलेली, बोट चापापर्यंत पोचवण्यासाठी एक खांदा दुसऱ्याच्या पुढे आलेला. एका दसऱ्याला दस्ता खांद्यावरून निसटला आणि धक्का दंडावर बसला. महिनाभर हात गळ्यात होता. सुतार भला माणूस, भेटायला आला आणि म्हणाला, "आबा, दीड इंच उडवतो, वरून पालीश मारतो. कळायचं न्हाय."

आबांनी त्याच्याकडं बघितलं. "तुझी बायकू उंच हाय म्हणून तिचं पाय कापशील का रं?"

सुताराची बायको खरोखरच उंच आहे. तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

अशी चाळीस वर्षं गेली. बंदूक आबांची, पण माप साहेबाचं, आणि दोघांपैकी कुणी माघार घ्यायला तयार नाही. मला विचाराल तर आबांचं मला पटायचं. सुतारानं कापलेली बंदूक आबांना बसली असती, पण मग ती कुणाची राहिली असती? हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं. त्या दिवसापासून माझ्या चहात साखर जास्त.

मग आबा सत्तरीला टेकले. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाला सत्तर वर्षं झाली, किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असली, की जिवंतपणीच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. कुणी प्रेमानं वारस निवडतं, कुणी वयानं, कुणी सेवेनं. आबांनी दिवाळीत शिंप्याची टेप काढली.

"हात कोपरात वाकवा," त्यांनी ओसरीवर फर्मान सोडलं. जुनी रीत आहे, दस्त्याचं टोक कोपराच्या बेचक्यात धरायचं आणि बोट चापावर कसं पोचतं ते बघायचं. जाणकार या मापाला फारसं मानत नाहीत, पण आबा साहेबाच्या काळातच राहतात. थोरल्या दादांचं बोट चापाच्या दोन इंच अलीकडे थांबलं. शिवाय बंदूक खांद्याला लावताना दस्ता पोटावर टेकला. धाकटा पुण्याला कॉम्प्युटरवर असतो, त्याची मान आधीच पुढे आलेली. आबांना क्षणभर आशा वाटली, पण हात आमच्याच घराण्याचे निघाले, आखूड. मी पुतण्या, मलाही मोजलं. "चौदा," आबा म्हणाले, आणि टेप अशी गुंडाळली की मला माझीच लाज वाटली.

भाऊबिजेला ताई आली. ताई काकूंच्या अंगावर गेलेली, पाच फूट आठ, शाळेत होती तेव्हा तालुक्याला व्हॉलीबॉल खेळायची. ओवाळणीचं ताट हातातून ठेवते न ठेवते तोच आबा टेप घेऊन हजर. त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. भिंग आणून मोजलं.

"पंधरा," आबा म्हणाले. आवाज भरून आला होता. "काकणभरबी कमी न्हाय."

नव्वद वर्षांनी त्या अक्रोडाला खांदा सापडला होता. आबांनी बंदूक उघडली, नळ्या रिकाम्या असल्याची दोनदा खात्री केली, आणि लग्नात कन्यादान केलं तेव्हा केला नव्हता इतका गंभीर चेहरा करून ती ताईच्या हातात दिली. "भिंतीवरच्या त्या खिळ्यावर धर."

ताईनं बंदूक उचलली आणि अगदी सहज डाव्या खांद्याला लावली.

ओसरीवर कुणी बोललं नाही.

"आबा, ही गालाखालून पळतीये," ताई म्हणाली. "वाकडी आहे का?"

"वाकडी न्हाय. उजवीकडं हाय. साहेब उजवा व्हता." आबा हळूहळू खाटेवर टेकले. "तुला उजव्या हाताची सवय लावली व्हती मी. चिंचेची फोक मोडली व्हती."

"पाटीवर लिहिण्यापुरती."

मला गप्प बसता आलं नाही. मी म्हणालो, गरम तेल सोडून सोडून अक्रोड मऊ करतात आणि दस्ता दुसऱ्या बाजूला वळवतात, कापावा लागत नाही, लाकूड ओरिजनलच राहतं.

आबांनी माझ्याकडे, मग दस्त्याकडे, मग लेकीच्या डाव्या हाताकडे बघितलं.

"न्हाय बसायचं त्ये," ते म्हणाले. "पुन्हा उजव्यालाच येतंय फिरून. लाकडाला सवय असती."

"मला विचारा," ताई म्हणाली, आणि बंदूक तशीच डाव्या खांद्याला ठेवून खिळ्यावर नेम धरत राहिली.