राहायचंय? मग आधी निघून दाखवा!

आश्रय मागणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांसाठी नेदरलँड्सने २०१३ साली 'बालमाफी' योजना आणली. आता माफी म्हटली की गुन्हा आलाच. तो कोणता, हे विचारायचं नाही. अठराव्या वर्षाआधी किमान पाच वर्षं देशात काढलेलं मूल तिथे रुजलं, असं सरकार मानणार होतं. फक्त कुटुंबाने देश सोडून जायला सरकारशी पुरेसं सहकार्य केलेलं हवं. म्हणजे मायदेशाच्या वकिलातीत खेटे घाला, प्रवासाचे कागद मागा, नकार मिळाला तर तोही जपून ठेवा. प्रयत्न फळाला आला तर तुम्ही विमानात. केलाच नाही तरी विमानातच. मनापासून धडपडून नापास झालेल्यालाच तेवढं पास करायचं! याच अटीवर कित्येक अर्ज आपटले.

यावर आक्षेप ठरलेला : आईबापांनी अपिलांवर अपिलं करून वर्षं काढली, त्याचं बक्षीस दिलं तर उद्या सगळेच मुलांना पुढे करतील. आक्षेप अगदीच पोकळ नाही. रेंगाळण्यात फायदा दिसला की माणसं रेंगाळतात. पण अपिलाचं दार कायद्यानेच ठेवलेलं, आणि त्यातून सरकारही ये-जा करतं. एका आर्मेनियन कुटुंबाच्या बाजूने कोर्टाने कौल दिला, तर सरकारनेच वर जाऊन तो फिरवला. यात जवळपास नऊ वर्षं गेली. एवढ्या काळात पहिलीतलं पोर हायस्कुलात पोचतं आणि भावंडांशी भांडतंही डचमध्येच. उशीर करायला दोघं, घड्याळ मात्र पोराच्या मनगटावर.

शेवटी हे कुटुंब तरलं ते वेगळ्याच कलमावर. उपासना चालू असताना पोलिसांनी प्रार्थनास्थळात शिरू नये, असा तिथला कायदा. म्हणून कुटुंबाने आसरा घेतलेल्या हेगमधल्या बेथेल चर्चमध्ये ऑक्टोबर २०१८मध्ये प्रार्थना सुरू झाली ती ९६ दिवस थांबलीच नाही. शेकडो धर्मोपदेशकांनी रात्री-पहाटेच्या पाळ्या वाटून घेतल्या. आपल्याकडे अखंड हरिनामाला एक सप्ताह पुरतो, इथे जवळपास चौदा लागले. जानेवारी २०१९मध्ये सत्तेतल्या चार पक्षांनी तोडगा काढला : सुमारे ७०० मुलांच्या फायली पुन्हा उघडायच्या, आणि त्या बदल्यात संयुक्त राष्ट्रांमार्फत दरवर्षी घ्यायचे निर्वासित ७५०वरून ५००वर आणायचे. महिन्याच्या वाणसामानात साखर वाढली म्हणून चहापत्ती कमी करावी, तसा हिशेब. शिवाय अपवाद म्हणून एखाद्याला राहू द्यायचा मंत्र्यांचा अधिकारही काढून घेतला, न जाणो एखाद्याला पाझर फुटायचा! कापलेल्या त्या अडीचशेंबद्दल फारशी ओरड झाली नाही. ते अजून कुठल्याशा छावणीत होते, आणि तिथून बेथेल चर्च फार लांब पडतं.