दलदल परत मागवली आहे

2 ऑगस्ट 2014 च्या पहाटे अमेरिकेतल्या टोलेडो शहराने चार लाखांहून अधिक लोकांना कळवलं: नळाचं पाणी पिऊ नका. उकळूनही पिऊ नका. हे दुसरं वाक्य ऐकून आपल्याकडची कुठलीही आजी हबकली असती. तिच्या शास्त्रात उकळी फुटली की पाण्याचे सगळे गुन्हे माफ. ईरी सरोवरातल्या नीलहरित शेवाळाचं मायक्रोसिस्टिन हे विष मात्र उकळीला दाद देत नाही. पाणी आटतं, विष आहे तेवढंच राहतं, म्हणजे घोटागणिक चढतंच. दुकानांतल्या बाटल्या बघता बघता संपल्या. 4 तारखेला बंदी उठली, तेव्हा महापौरांनी पत्रकारांसमोर नळाचं पाणी ग्लासभर पिऊन दाखवलं. (आपल्याकडेही महापौर पितील हो. ग्लास कुठून भरला, याचीच काय ती चौकशी लावावी लागेल.)

अशा शेवाळावर आता निसर्गाकडून उसने घेतलेले उपाय निघालेत. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून काढलेलं कायटोसन मातीबरोबर पाण्यात टाकलं की शेवाळाचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. ब्रिटनमध्ये तळ्यांत बार्लीचा पेंढा सोडतात. तो कुजू लागला की नवं शेवाळ धरत नाही म्हणे. कधी लागू पडतो, कधी नाही. सगळ्यात हुशार ऑस्ट्रेलियाची माती. तिथल्या सीएसआयआरओ संस्थेने 1990 च्या दशकात बेंटोनाइटमध्ये लँथॅनम बसवलं. त्याने शेवाळाचं खाद्य असलेला पाण्यातला स्फुरद एकदा पकडला की ते सोडत नाही. यात हसण्यासारखं काही नाही. वर्षानुवर्षं गाळात मुरलेला स्फुरद तळाचा ऑक्सिजन संपला की पुन्हा वर येतो, आणि नाले बंद केले तरी तळं हिरवंच राहतं. तिथे ही माती कामाची.

स्फुरदच का, तर 1973 साली कॅनडात प्रयोगांसाठी राखलेल्या तळ्यांपैकी 226 क्रमांकाचं एक तळं मधोमध पडदा लावून दुभागलं गेलं. एका अंगाला कार्बन आणि नत्र, दुसऱ्या अंगाला तेच अधिक स्फुरद. विमानातून काढलेल्या फोटोत स्फुरदाची बाजू हिरवीगार दिसते. असा पुरावा देणाऱ्या या प्रयोग-तळ्यांचा निधी बंद करायचं कॅनडाच्या केंद्र सरकारने 2012 मध्ये जाहीर केलं. 2014 च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या एका संस्थेने ती कशीबशी पदरात घेतली, आणि ऑगस्टमध्ये टोलेडोचा नळ बंद झाला. मुहूर्त काढावा तर असा.

पण खरी गंमत टोलेडोच्या मागच्या अंगाला आहे. मॉमी नदी ज्या सपाट प्रदेशातून वाहत येऊन तिथे सरोवराला मिळते, तिथे पूर्वी ग्रेट ब्लॅक स्वॅम्प नावाची सुमारे 10 लाख एकर दलदल होती. गाडी रुतायची, डास फोडून काढायचे, हिवताप ठरलेला. माणसाला वैताग; पण येणारं पाणी अडवून, निवळून, गाळ आणि स्फुरद ठेवून घेऊन पुढे सोडण्याचं काम ती बिनपगारी करत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांनी तिचा बंदोबस्त केला. कशाने? मातीने! तिथल्याच चिकणमातीच्या नळ्या भट्ट्यांत भाजून शेताशेतांत जमिनीखाली पुरल्या. सांगली-मिरजेच्या क्षारपड रानात सच्छिद्र पाईप टाकतात, तोच निचरा. चिखल गेला, मका-सोयाबीन आलं, खतं आली, आणि खताचा धुवून निघालेला वाटा त्याच नळ्यांतून चर, चरातून नदी, नदीतून सरोवर असा बिनबोभाट पोचू लागला.

म्हणजे आधी माती भाजून दलदल संपवायची आणि मग दलदलीचं काम करणारी माती प्रयोगशाळेत घडवायची. एखाद्या तळ्यापुरती ती परवडेलही. ईरी सरोवर पंचवीस हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. पोती मोजायला कोण बसणार?

ओहायो राज्याला हे उमगलेलं दिसतं. 2019 पासून तिथे सरकारी पैशाने पाणथळी पुन्हा तयार केल्या जात आहेत. पणजोबांनी पुरलेल्या नळ्यांतलं पाणी अडवायला पणतूने झडप बसवली, तर त्यालाही अनुदान मिळतं. पणजोबांचा हिशेब चोख होता. फक्त बिल टोलेडोच्या पत्त्यावर गेलं.

आपल्याकडे तो पत्ता सोलापूरचा आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत उतरतं. धरणाचं पाणी हिरवं पडतं आणि तेच सोलापूरला पिण्यासाठी जातं. वरच्या अंगाला, शहरांत, तळ्या-नद्यांच्या काठची दलदल म्हणजे अजूनही घाण. तिथे भराव टाकायचा, फरशी बसवायची, जॉगिंग ट्रॅकची फीत कापायची आणि रेलिंगला टेकून पाण्याला वास का येतो म्हणून नाक मुरडायचं. भरावाची वर्क ऑर्डर निघालीच आहे. विशेष मातीचं टेंडर पुढच्या आर्थिक वर्षात काढू.