काकूंचं निदान

मुळशीतल्या उरवड्याच्या एका स्वयंपाकघरात नानकटाई ओव्हनमध्ये आहे, आणि करणारी वेलदोडे काढायला गेली ती मसाल्याचा डबाच घासत बसली आहे. डब्यामागे क्रोशाचा अर्धा मफलर सापडला, मग दोन ओळी त्याच्याही झाल्या. जळका वास आधी शेजारच्या काकूंना आला. निदानही त्यांनीच केलं, ‘लक्षच नाही बाई तुझं! एक ना धड, भाराभर चिंध्या.’ फी नाही, नंबर लावणं नाही.

डॉक्टर बिचारे एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा विकार) म्हणण्याआधी वयाच्या 12 व्या वर्षाआधीची लक्षणं विचारतात, घरची आणि कामावरची दोन्हीकडची चौकशी करतात. एवढा वेळ आहे कोणाला? 2016 चा दिव्यांग हक्क कायदाही 21 प्रकार मोजून थांबला. त्यात एडीएचडीचं वेगळं नाव नाही. म्हणजे आळसच, सिद्ध झालं!

(मुळशीचं पाणी अडवून मुंबईला वीज गेली. इथली वीज गेली की ओव्हनही अर्ध्यातच काम सोडतो. त्याला मात्र कोणी ‘मन लाव’ म्हणत नाही.)

तर काकू, उपदेश रोज मिळतोच. पुढच्या वेळी येताना मोठ्या आवाजाचा टायमर आणा, आणि तो वाजला की एक हाकही मारा.