कुंपणापलीकडची खरखर

अहो, जरा इकडे या ना कुंपणापाशी. तिथे नको, जास्वंदीला मुंग्या लागल्यात, अशा या. ऐकलंत का पलीकडच्या वहिनींच्या धाकट्याचं? म्हणजे ऐकलं असणारच, सगळ्या गल्लीला ऐकू जात होतं. रात्री साडेअकराला खिडकीतून ती जुन्या साहेबी बँडची धून, आणि तिच्यावर ही अशी खरखर, फोडणीत मोहरी तडतडावी तशी. वहिनींना वाटलं स्पीकर बिघडला. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावलंन की हो! त्याने स्पीकर उघडला, फुंकर मारली, दोनशे रुपये घेतले नि गेला. रात्री पुन्हा तीच खरखर.

पोरगा आपला दार लावून बसलेला. जेवायला हाक मारावी तर कानात हेडफोन. आता मी कुणाच्या अध्यात ना मध्यात, तुम्ही ओळखताच मला. कोपऱ्यावरच्या काकूंना मी इतकंच म्हटलं, तेही हळू, की पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय वाटतं. ‘वाटतं’ म्हणाले हो! तर संध्याकाळी इस्त्रीवाला मलाच विचारतोय, कुठल्या डॉक्टरकडे नेलं त्याला म्हणून. तोंडात काही राहत नाही लोकांच्या…

तर काय सांगत होते? हां, भिशी. रविवारी भिशी वहिनींकडे होती. आम्ही सात-आठ जणी, माई, त्या पोराची आजी हो, खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत, आणि आतून हा आला चिवडा घ्यायला. कोपऱ्यावरच्या काकूंना राहवेना. “काय रे, तू रात्री ऐकतोस तरी काय?” तर तो म्हणाला, “एव्हरीव्हेअर ॲट द एंड ऑफ टाइम.” सगळ्या गप्प. एकीला वाटलं पोराने उलट उत्तर दिलं.

अहो, त्या केअरटेकरचा अल्बम! केअरटेकर म्हणजे तो लेलँड कर्बी, इंग्लंडातल्या स्टॉकपोर्टचा. त्या ‘द शायनिंग’ सिनेमात नाही का ओसाड हॉटेल, आणि त्यातल्या बॉलरूममध्ये भुतांची पार्टी, तिथून नाव उचललेलं, 1999 पासून. जुन्या 78 च्या तबकड्या आणायच्या, त्यातला एखादा तुकडा घ्यायचा, तो संथ करायचा, फिरवत ठेवायचा, घुमवायचा… हा त्याचा उद्योग. पण हा जो अल्बम, तो सहा टप्प्यांत. पहिला 2016 च्या सप्टेंबरात, मग साधारण सहा-सहा महिन्यांनी एकेक, शेवटचा 2019 च्या मार्चमध्ये. सगळा मिळून साडेसहा तास! कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, “साडेसहा तास? सवाईला बसतो आपण तेवढं, पण तिथे निदान वडापाव मिळतो.”

आणि विषय काय, तर स्मृतिभ्रंश. हो ना, डिमेन्शिया. पहिल्या टप्प्यात सगळं गोड, संध्याकाळी आरामखुर्चीत बसून जुनं आठवावं तसं. दुसऱ्यात काहीतरी चुकतंय हे त्या माणसाला कळायला लागतं. तिसऱ्यात आठवणींचा गुंता. चौथ्यापासून तर धून अशी राहतच नाही, वीस-वीस मिनिटं नुसता कालवा, मधूनच काहीतरी ओळखीचं वर येतं आणि बुडतं. गाण्यांची नावंसुद्धा तशीच, आधी छान कवितेसारखी, आणि पुढे डॉक्टरच्या केसपेपरवर लिहावीत तशी कोरडी.

हे तो सांगत होता तेव्हा वहिनी खाली मान घालून चिवड्यातले शेंगदाणे वेचत होत्या. माईंचं तुम्हाला ठाऊकच आहे. मागच्या दिवाळीत लेकीला विचारलं, आपण कोणाकडच्या?

पण खरी मजा पुढेच. पहिला टप्पा आला तेव्हा कर्बीने काय सांगितलं, की या केअरटेकरला डिमेन्शिया झालाय, आता तो सहा अल्बमांत हळूहळू नाहीसा होणार. केअरटेकर म्हणजे ते टोपणनाव हो. पण तिकडच्या मोठमोठ्या संगीताच्या पत्रकारांनी छापलं काय, तर कर्बीलाच झाला! चाळिशीतला धडधाकट माणूस, आणि जगभर हळहळ सुरू, अरेरे, बिचारा. शेवटी खुलासा करावा लागला, मला काही झालेलं नाही, दुखणं त्या नावाला आहे, मी ठणठणीत आहे. हे सांगून पोरगा म्हणतो कसा, “लोक विचारत नाहीत ना काकू, ऐकतात नि पुढे सांगतात.” आणि बघितलं कुणाकडे? माझ्याकडे! माझा चेहरा असा पडला म्हणता… मी लगेच म्हटलं, चहा टाकू का गं वहिनी? त्यांच्या घरात मी चहा टाकायला निघाले, म्हणजे बघा.

स्वयंपाकघरात होते तरी कान बाहेरच. अमेरिकेतल्या भाचीचं सांगत होत्या कुणीतरी. ते टिकटॉकवर 2020 साली पोरांनी पैज लावली होती ना, साडेसहा तास सलग ऐकून दाखवायचं. आपल्याकडे टिकटॉक त्याच जूनमध्ये बंद झालेलं, म्हणून आपली पोरं वाचली. तिकडे मात्र सोळा-सतरा वर्षांची मुलं रात्र-रात्र हेडफोन लावून, काही रडत, काही नुसतंच घाबरवायला, की हे ऐकलं की वेड लागतं म्हणे. भाची चौथ्या टप्प्यापर्यंत टिकली. तिथे एका ठिकाणी अचानक असा भोंगा वाजतो की तिने हेडफोन फेकून आईला फोन लावला. रात्री तीनला. आईला वाटलं अपघातच झाला.

आता यावर दोन्हीकडून बोललं गेलं. काही समीक्षकांनी पहिल्याच टप्प्याला नाकं मुरडली होती, की अशा आजाराला गोड हुरहुर लावून विकायचं म्हणजे काय? काही म्हणाले, पोरांनी त्याचा खेळ केला. पण कर्बी काही रागावला नाही हो. आणि रोग्यांची सेवा कशी करावी हे शिकवणारेही म्हणाले, चांगलंच झालं, यातून मुलांना त्या माणसाच्या आत काय होतं त्याची कल्पना येते. मला विचाराल तर… नको, मी नाही बोलत. पण दुखणं घरात असलं ना, की असं सुरेल वगैरे काही नसतं. रात्री दोनला गॅस चालू ठेवलेला असतो. तरी त्या पोराला आईने इतकी वर्षं सांगून जे समजलं नाही ते यातून समजलं असेल, तर आपण कोण नाही म्हणणार?

आमच्या ह्यांना घरी गेल्यावर सांगितलं, तर म्हणाले हे संगीत नव्हे, हा बिघाड. आणि टीव्ही लावला.

तर काय सांगत होते… लावायला लावलं की आम्ही! “ऐकव रे,” काकू म्हणाल्या, आणि त्याने लॅपटॉप आणून माईंच्या खुर्चीजवळ ठेवला. पहिलंच गाणं, ते गाजलेलं. मूळची धून अल बोली नावाच्या गायकाच्या तबकडीतली. अहो, 1941 साली लंडनवर बॉम्ब पडत होते त्यात गेला तो, राहत्या जागी. त्याआधी, नाव व्हायच्या आधी, आपल्या कलकत्त्याला ग्रँड हॉटेलच्या बँडमध्ये होता, 1926 च्या सुमाराला. आणि त्या तबकड्याही लाखेच्याच, लाख पुष्कळशी आपल्याच जंगलातली. म्हणजे फिरून फिरून…

असो. धून सुरू झाली. गोड हो अगदी, खोटं कशाला बोलू. एक जण मान डोलवायला लागली. आणि माई, ज्या महिनाभर धड वाक्य बोलल्या नव्हत्या, त्या एकदम म्हणाल्या, “सुई बदला.”

वहिनी कावऱ्याबावऱ्या. “माई, कसली सुई? शिवायची आहे का काही?” मला मेलीला आधी कळलंच नाही, मी काकूंना कोपरखळी मारली, की झालं सुरू. मग पोरगाच म्हणाला, “आई, फोनोची सुई. आजीला खरखर ऐकू येतेय.” आणि खरंच की! आमच्या मामांकडे होता चावीचा फोनो, त्या पोलादी सुयांची इवलीशी डबी असायची, तबकडीगणिक सुई बदलायची, नाहीतर तबकडी चरे पडून खराब. त्या इलेक्ट्रिशियनला दोनशे रुपये देऊन जे कळलं नाही ते माईंना एका क्षणात कळलं. वहिनींचा चेहरा, काय सांगू तुम्हाला, हसावं का रडावं…

साडेसहा तास कोण बसतंय, पोराने आपलं थोडं थोडं पुढे सरकवत नेलं. कालवा लागला तेव्हा दोघी जणी चप्पल शोधायला उठल्या. मी थांबले, उद्या कुणी विचारलं तर नीट सांगता आलं पाहिजे ना. अगदी शेवटी मात्र त्या धुक्यातून एकाएकी कोरस येतो, खरखरीतूनच, पण स्वच्छ. पाच-सहा मिनिटं. आणि मग एक मिनिट काहीच नाही, मुद्दाम ठेवलेलं. आमच्या भिशीत एक मिनिट शांतता! काकूंच्या हातातली बशीसुद्धा वाजली नाही.

त्या शांततेत माई म्हणाल्या, “चावी संपली. द्या रे कुणीतरी.”

पोरगा उठला, लॅपटॉपशेजारी हवेत हात धरून आठ-दहा वेळा गोल फिरवला, चांगला जोर लावून, आणि पहिल्यापासून लावलं.

मी निघाले बाई. सहा वाजले होते, म्हटलं आता परत पहिल्यापासून म्हणजे रात्रीचे साडेबारा! पण वहिनी अजून रोज बसतात हो, आणि खिडकी आता उघडीच असते. आणि हे बघा, डॉक्टरचं ते मी म्हणाले असं कुठे बोलू नका.