साहसाची चाचणी

गोंदियात सध्या साहसाला बरे दिवस आहेत. जुनी शंभर सीसीची गाडी वर्षानुवर्षं कुरकुर न करता धावते, हाच तिच्यावरचा आरोप. मग माणूस शोरूम गाठतो आणि 452 सीसी, 40 पीएस, 196 किलोच्या हिमालयनवर टांग टाकतो. सीट 825 मिलिमीटर उंच. त्यामुळे पहिलं साहस किक-स्टँड काढतानाच घडतं.

टेस्ट राइडचा मार्ग ठरलेला: गुळगुळीत डांबर, पुढच्या चौकातून वळण, परत. मागे शोरूमचा पोरगा. "भाऊ, पाण्यात नका घालू बरं!" जाहिरातीत नदी ओलांडणाऱ्या गाडीला इथे डबकंही वर्ज्य.

खरी परीक्षा घ्यायची तर रोवणीच्या दिवसांत बांधीकडे जाणाऱ्या पांदणीवर घ्यावी. तिथून दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लटकवून शंभर सीसीवरच रोज पार होतो. त्याला कुणी ॲडव्हेंचर रायडर म्हणत नाही, कारण त्याच्याकडे तसं जॅकेट नाही. नागझिऱ्याचं म्हणाल, तर व्याघ्र प्रकल्पातली सफारी चारचाकीतूनच. उरला सालेकशाकडचा हाजरा फॉल. तिथे लोक सहकुटुंब स्कूटरवर जाऊन येतात.

सरकारनं मात्र थराराची हद्द नेमकी आखून दिली आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर 18 टक्के जीएसटी, त्यापुढे थेट 40. म्हणजे छाती धडधडायला लागते ती 351व्या सीसीपासून, आणि गाडी कर्जावर घेतली असेल तर शेवटच्या हप्त्यापर्यंत ही धडधड थांबत नाही.