आपलंच रक्त, आपलेच पैसे

गुडघ्याच्या संधिवातावरील प्लाझ्मा इंजेक्शनइतका स्वावलंबी उपचार वैद्यकशास्त्रात दुसरा नसावा. हातातून आपलंच रक्त काढायचं, सेंट्रीफ्यूजमध्ये ताकासारखं घुसळायचं, प्लेटलेट्सनी समृद्ध असा पिवळसर भाग लोण्यासारखा काढून घ्यायचा आणि आपल्याच गुडघ्यात टोचायचा. गंगेच्या पाण्याने गंगेची पूजा. दक्षिणा तेवढी वेगळी. मँचेस्टरच्या गिरण्या आपलाच कापूस कापड करून आपल्याला विकत, पण त्यांनी निदान कापसाचे पैसे तरी दिले होते.

ऑस्ट्रेलियातल्या काही संशयी मंडळींना मात्र राहवलं नाही. त्यांनी २८८ जणांचे दुखरे गुडघे घेतले. निम्म्यांना आठवड्याला एक अशी प्लाझ्माची तीन इंजेक्शनं, उरलेल्यांना नुसतं मीठपाणी. निकाल २०२१ साली छापून आला. वर्षभराने दहापैकी मोजलेली वेदना प्लाझ्माने २.१ गुणांनी उतरली, मीठपाण्याने १.८. कूर्चा दोन्हीकडे झिजलीच : प्लाझ्मावाल्यांची १.४ टक्के, मीठपाणीवाल्यांची १.२. एवढ्याशा फरकाला संख्याशास्त्रज्ञ फरकच मानत नाहीत. ही मंडळी सराफाच्या पेढीवर कधी गेलेली दिसत नाहीत.

यावरून प्लाझ्मा महाग आहे, असा क्षुद्र निष्कर्ष कोणी काढू नये. मीठपाणी अन्यायकारकरीत्या स्वस्त आहे, एवढंच सिद्ध होतं. त्याचा दर तातडीने प्लाझ्माच्या बरोबरीला आणावा. कोकणाचा एवढा किनारा उगाच फुकट पडून आहे.

आणि उपयोग नाही असं कोण म्हणतं? गुडघ्यावरचा भार कमी करा, असं अस्थिरोगतज्ज्ञ कधीपासून सांगताहेत. तिसऱ्या इंजेक्शननंतर पाकीट खिशात ठेवून जिना चढून पाहा.